सारखी वांटणी हाच न्याय काय?

वर्गांत चाळीस मुलें. त्यांत एकास ऐकूं येत नाहीं. त्या एकाकरितां गुरुजींनीं निराळा पाठ व निराळी परीक्षा योजावी, हा इतरांवर अन्याय नव्हे काय? लातूर-नांदेडकडील एखाद्या पालकानें असें विचारिल्यास त्यास रागें भरूं नये. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचें उत्तर विचारपूर्वक द्यावें.

आई तान्ह्यास दूध पाजते व शेतावर जाणाऱ्यास भाकरी बांधून देते. तिला कोणी पक्षपाती म्हणत नाहीं. सर्वांचें पोट भरावें, हीच तिची समता. आंधळ्या मुलापुढें छापील पुस्तक ठेवणें म्हणजे त्यास रिकामें ताट वाढणें होय.

आपल्या प्रभूची रीत पाहा. यरीहोच्या वाटेवर बार्तिमय ओरडूं लागला, तेव्हां लोकांनीं त्यास दटाविलें. प्रभू मात्र थांबला, आणि तुला काय हवें, असें त्याने त्यालाच विचारिलें. प्रत्येक अपंग मुलाकरितां स्वतंत्र शैक्षणिक आराखडा करावा, याचें मर्म हेंच. मूल काय करूं शकतें, कोठें अडतें, यंदा कोणतें पाऊल टाकावें, हें गुरुजींनीं आईबापांसह बसून लिहावें व कांहीं महिन्यांनीं पुन्हां तपासावें.

हें काम मिशनास नवें नाहीं. दुष्काळाच्या दिवसांत, १९०० सालीं, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं मुंबईंत अंधांची शाळा काढिली. आतां तर कायदाही पाठीशीं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वयें ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

परंतु गुरुजींचा वेळ मोजकाच, हें खरें. मेंढपाळ एका मेंढरामागें गेला, तेव्हां नव्याण्णवांस कांहीं काळ वाट पाहावी लागली. पण आपण हरवलों तर आपलाही शोध होईल, हें त्यांस कळलें. वर्गांतील इतर मुलेंही हाच धडा शिकतील.

तरी सर्व भार गुरुजींवर टाकूं नये. उपदेशक बंधूंनो, पापाचें फळ म्हणून कोणी लेंकरूं घरांत लपविलें असेल, तर प्रभूनें जन्मांधाविषयीं शिष्यांस काय सांगितलें, तें त्या आईबापांस वाचून दाखवा. दाखल्याकरितां त्यांच्यासवें सरकारी रुग्णालयांत जा. संध्याकाळीं त्या मुलाजवळ घटकाभर पाटी घेऊन बसा. मंडळी ज्या लेंकरासाठीं प्रार्थना करिते, त्याच्यासाठीं तिनें चार कोस चालावयासही तयार असावें.