जिन्नस आणि माप

"गुळाची आहे, बिनधास्त घ्या." एका हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी कॉफीचा ट्रे फिरवताना असं म्हटलं, आणि एरवी एका कपावर थांबणाऱ्या बायकांनीही दुसरा उचलला. गुळाशी माझं वैर नाही. पण तो दुसरा कप मला खटकला, आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

साखर जास्त झाली की काय होतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी भर घालत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. घरची दुधाची कॉफी प्रकृतीला मानवेल अशी करायची तर एक तर जिन्नस बदलायचा, नाही तर माप बदलायचं. साखरेऐवजी गूळ, गाईम्हशीच्या दुधाऐवजी बदामाचं, ही झाली जिन्नस बदलण्याची तऱ्हा. तीच साखर आणि तेच दूध, पण कमी, ही मापाची. पहिली सर्वांना आवडते, कारण तिच्यात काहीच सोडावं लागत नाही. उलट दुसऱ्या कपाची मुभाच मिळते.

गुळाचं पाहू. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर, तिच्यातून ४० कॅलरी मिळतात. तेवढ्याच वजनाच्या गुळातून जवळपास तितक्याच. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. "पण गुळात लोह असतं ना," असं यजमानीणबाई म्हणाल्याच. असतं, थोडंसं. पण कॉफीच लोह नीट अंगी लागू देत नाही! म्हणून तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. लोहासाठी गूळ खायचा तर कॉफी ही त्याची सगळ्यांत वाईट जागा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेचं दिवसाचं माप शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळ आणि मधही त्याच हिशेबात मोडतात. दोन कप झाले की २० ग्रॅम संपले, आणि दिवस अजून उरलेलाच असतो.

दुधाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे मापाची एक मोठी गोष्ट घडून गेली आहे, आणि ती मुंबईत घडली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के. १९४० च्या दशकात शहराला दूध पुरेना आणि परवडेनाही, तेव्हा आरे दूध योजनेच्या दारा खुरोडींनी या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांच्या आसपास आणला. तेच टोण्ड दूध. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज कुरियन घरोघरी ठाऊक आहेत. खुरोडींचं नाव मात्र पिशवीतलं टोण्ड दूध रोज तापवणाऱ्यांनाही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. कुणाचं वजन उतरावं म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं. एका म्हशीचं दूध दोन घरांना पुरावं, एवढाच हेतू होता. आणि आपल्या घरांतही हेच चालायचं: कॉफीला अर्धं दूध, अर्धं पाणी, साय आधीच तुपासाठी बाजूला काढलेली. फुल क्रीम दुधात तेवढंच पाणी घातलं की ६ टक्क्यांचे ३ होतात. प्रथिनंही निम्मी होतात, म्हणून पिशवीतलं टोण्डच बरं. बदामाच्या विकतच्या दुधात तर बहुतेक पाणीच असतं.

आता आपली खास कॉफी, जायफळाची. हिच्यात एक मौज आहे. बाळगुटीत जायफळाचे वेढे देतात ते तान्ह्याला झोप लागावी म्हणून, आणि मंगळागौरीच्या जागरणाला कॉफी करतात ती बायकांची झोप उडावी म्हणून. आणि दोन्ही एकाच पातेल्यात! सहाणेवर उगाळलेलं जायफळ उकळत्या कॉफीत पडलं की जो वास सुटतो, त्यासाठी मी वर्षातल्या त्या रात्रीची वाट पाहते. तिच्या साखरेला कुणी हात लावू नये. पण हीच कॉफी आता घरोघरी रोज रात्री दहाला होते, "जायफळ घातलंय, झोप चांगली लागेल" असं म्हणून. चिमूटभर जायफळ कॅफीनला मागे सारत नाही. अंगातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. दहाची कॉफी तीन वाजताही निम्मी शिल्लक असते. इथे साखर, गूळ, दूध यांतलं काहीही बदलून उपयोग नाही. कप किती वाजता घ्यायचा, हेही माप आहे.

इथवर माझं म्हणणं एका सरळ रेषेत चाललं होतं: जिन्नस राहू द्या, माप उतरवा. पण साखर प्रत्यक्ष कमी करायला घेतली तर ती रेष पुढे जात नाही. दोन चमच्यांचा एक केला की नेहमीची कॉफी कडू होते, अर्ध्यावर आणली की टाकून द्यावीशी वाटते. कारण सोपं आहे. उघडून महिने झालेली पूड दुधासाखरेसोबत खळाखळा उकळली की तिचा सुगंध उडतो, कडवटपणा उतरतो, आणि तो झाकायला साखर लागते. म्हणजे साखरेचं माप जिभेच्या हट्टापेक्षा पुडीवर ठरतं. तेव्हा एक जिन्नस बदलावाच लागेल, आणि तो म्हणजे कॉफी. यजमानीणबाईंची वाट बरोबर होती, फक्त त्यांनी चुकीच्या डब्याला हात घातला.

माटुंग्याच्या बाजारात समोर दळून देतात, तशी ताजी पूड एका वेळी शंभर ग्रॅमच आणावी. चिकोरी कमीत कमी. स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड घालून चकती हलकेच टेकवायची. ठासून बसवली तर पाणी उतरत नाही, सैल राहिली तर भसकन उतरतं आणि पुळकवणी हाती येते. उकळतं पाणी गोल फिरवत ओतावं, झाकण ठेवावं, वीसेक मिनिटं विसरून जावं. खाली उतरलेला काळाभोर डिकॉक्शन दुधात उकळायचा नाही. दूध वेगळं तापवून गॅस बंद करायचा आणि मग मिसळायचं, एकास तीन. गरम दुधाला स्वतःची गोडी असते, १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास दुधातली साखर असते. दोन चमच्यांखाली ती कधी कळतच नाही. या कॉफीला अर्धा चमचा पुरतो. साखर पातेल्यात न घालता वाटीत द्यावी, म्हणजे माप पिणाऱ्याच्या हाती राहतं.

ताज्या पुडीची ही कॉफी तेजही असते. पोषण संस्थेच्या हिशेबाने १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, आणि दिवसाची मर्यादा ३००. म्हणून दोन कप पुरेत, तेही लहान. शिवाय कोलेस्टेरॉल वाढवणारे कॉफीतले तेलकट अंश स्टीलच्या भोकांतून खाली उतरतात, कागदी गाळणीत मात्र अडकतात. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच चढलेलं आहे, त्यांनी कागदी गाळणी घ्यावी. चवीत थोडा फरक पडतो, पण अर्ध्या चमच्याचा हिशेब तिथेही टिकतो.