धुण्याची जकात

दुसऱ्याचं घेणं म्हणजे चोरी, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण अमुक वस्तू दुसऱ्याची, हे ठरवायचं कोणी? परवा या प्रश्नानं महाडात, आमच्या स्वयंपाकघरात, माझी पुरती फजिती केली.

ही चाचेगिरी करणाऱ्या मडमांची कादंबरी वाचत होती.

"असल्या बायका खरंच होत्या का हो?"

"होत्या. ॲन बॉनी आणि मेरी रीड. 1720 साली जमैकात दोघींना फाशी सुनावली. पोटुशा निघाल्या म्हणून ती थांबली."

"आणि त्याच काळातले आपले कान्होजी?"

"छे! त्यांना चाचे म्हणायचे ते इंग्रज. आंग्र्यांच्या हद्दीतून जायचं तर परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. ती हक्काची वसुली!"

"मग धुवायला टाकलेले तुमचे शर्ट माझ्या हद्दीतून जातात."

वीस वर्षं गहाळ होणाऱ्या नोटांचा असा छडा लागला! 'चोरी' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण 2021 च्या जुलैतला सावित्रीचा पूर आठवला. तेव्हा पोलादपूरच्या माहेराहून आणलेला हिचा डाळीचा डबा माळ्यावर कोरडा राहिला, आणि त्यातल्या नोटांवर आमचे पंधरा दिवस निघाले. पगार माझा खरा; पण तिचा वाटा मी कधी काढला होता?

दुसऱ्या दिवशी मी खिशात मुद्दाम शंभराची नोट ठेवली. संध्याकाळी ती टेबलावर परत!

"ही जकात नव्हे," ती म्हणाली, "बक्षिशी झाली."

कंपनी सरकार निरुत्तर.