शून्य कुठे धरायचं?

एकदा नीट विचार करून घेतलेला निर्णय, पुन्हा विचार न करता, किती वेळा वापरावा?

प्रश्न रोजचाच आहे. आपण सगळेच जुन्या निर्णयांवर जगतो. ऑफिसला जायचा रस्ता कुणी रोज नव्याने शोधत नाही. मी ज्या धंद्यात आहे तो तर यावरच उभा आहे. तयार असलेला कोड पुन्हा लिहीत बसणाऱ्याला आमच्याकडे कुणी मेहनती म्हणत नाही, त्याला काम कळत नाही असं म्हणतात. पण या प्रश्नाला एक नैतिक बाजू आहे, हे मला स्क्रीनवर कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं प्लायवुड कापताना.

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, पुण्यात मॉड्युलर फर्निचरचा छोटा कारखाना चालवतो. त्याच्याकडे एक सीएनसी राउटर आहे. त्याच्यासाठी लागणाऱ्या डिझाइन फाइल्स रविवारी मी करून देतो. मशीन समजायला अवघड नाही. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट टेबलावर आडवी टाकायची. खालून व्हॅक्यूम तिला धरून ठेवतो. वर फिरता कटर असतो. त्याने कुठून सुरुवात करायची, कोणत्या रेषेवरून जायचं, किती खोल उतरायचं, किती वेगाने सरकायचं, या सूचनांची साखळी म्हणजे टूलपाथ. कपाटाच्या बाजू, फळ्या, दारं असे तुकडे सॉफ्टवेअर शीटवर दाटीवाटीने बसवतं. लाटलेल्या पोळीची कमीत कमी कड वाया जावी म्हणून शंकरपाळे जसे कापतो, तसंच. एका शीटवर मावलं नाही की दुसरी, मग तिसरी.

पहिल्या शीटसाठी मी निवांत बसून सगळं ठरवतो. चाळीस शीट असतील तर तेच चाळीस वेळा कोण करणार? त्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे टूलपाथ जसाच्या तसा उचलून पुढच्या शीटवर न्यायचा. तुकडे तेच आणि त्याच जागी असतील तरच हे जमतं. दुसरा रस्ता टेम्प्लेटचा. व्हीकार्व्ह किंवा अस्पायरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा सोडून फक्त नियम जपून ठेवता येतात. ‘बाहेरची कड’ या लेयरवर जे असेल ते आरपार काप, ‘बिजागरी’ या लेयरवर जे असेल ते साडेबारा मिलिमीटर कोर. मग शीटवर तुकडे कसेही मांडलेले असोत, सॉफ्टवेअर लेयरची नावं बघून तिच्यासाठी नवा टूलपाथ काढून देतं.

म्हणजे टेम्प्लेट हा एक छोटासा कायदाच झाला. कायदाही असाच, कुणाचं नाव न घेता एकेका प्रकाराबद्दल बोलतो.

आता खरी अडचण. १८ मिमी म्हणून विकत घेतलेला प्लाय मोजला तर तो १८ भरेलच असं नाही. एक शीट १७.४ निघते, दुसरी १७.७, एखादी १८.४ सुद्धा. पण मी कायदा लिहिताना १८ धरून लिहिलेला असतो. मग हा फरक जातो कुठे?

ते एका साध्या सेटिंगवर ठरतं. उंची मोजायला शून्य कुठून धरायचं? शीटच्या वरच्या पृष्ठभागापासून की मशीनच्या टेबलापासून?

शून्य वर धरलं तर बिजागरीचा खळगा प्रत्येक शीटमध्ये बरोबर साडेबारा मिमी खोल होतो. पण आरपार काप १८.२ मिमी खोल जावा असं मी सांगितलेलं असतं. शीट १७.४ ची असेल तर कटर खाली अंथरलेल्या एमडीएफच्या पाटीत ०.८ मिमी घुसतो. ती पाटी खरवडली जाण्यासाठीच असते, पण ती लवकर संपते आणि नवी आणायचा खर्च दादाचा. शीट १८.४ ची असेल तर उलट होतं. तळाशी ०.२ मिमीचा पापुद्रा न कापता राहतो आणि ऑपरेटरला प्रत्येक तुकडा पात्याने सोडवून त्याची कड घासत बसावं लागतं.

शून्य टेबलाशी धरलं तर काप नेमका आरपार जातो, पाटी वाचते, पापुद्राही राहत नाही. पण मग बिजागरीच्या खळग्याचा तळ टेबलापासून साडेपाच मिमीवर पक्का होतो. १७.४ च्या शीटमध्ये त्या खळग्याची खोली ११.९ मिमीच भरते. बिजागरीची वाटी पूर्ण बसत नाही, जराशी वर राहते. हे कारखान्यात कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. ते लक्षात येतं ज्याच्या घरी कपाट गेलं त्याच्या, दार नीट लागेनासं झाल्यावर.

फरक दोन्हीकडे तेवढाच आहे. तो नाहीसा करणारं सेटिंग नाही. शून्य कुठे धरायचं हे ठरवताना मी एवढंच ठरवत असतो की तो फरक मालकाच्या पाटीवर जावा, ऑपरेटरच्या हातांवर जावा, की गिऱ्हाइकाच्या दारावर. आणि टेम्प्लेट एकदा जतन केलं की हा वाटपाचा निर्णय चाळीस शीटना लागू होतो, पुढच्या ऑर्डरलाही, आणि माझ्यानंतर ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकालाही. त्याला तो निर्णय म्हणून दिसतसुद्धा नाही. त्याला दिसते फक्त एक खूण केलेली चौकट.

याचा अर्थ पुनर्वापर वाईट असा मी काढत नाही. पुनर्वापराच्या बाजूने चांगला नैतिक मुद्दा आहे. संध्याकाळी सात वाजता दमलेला माणूस प्रत्येक शीटची खोली हाताने भरत बसला, तर सदतिसाव्या शीटला कधीतरी १२.५ च्या जागी १५.२ पडणारच. टेम्प्लेट दमत नाही, वैतागत नाही. नियम सगळ्यांना सारखा असण्यात एक न्याय आहे. ज्या सरकारी खिडकीवर प्रत्येक अर्ज ‘बघून’ ठरवला जातो, तिथे ओळख नसलेल्या माणसाचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे.

पण सारखा नियम आणि सारखा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे जुनं दुखणं आहे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात त्यावर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कायदा सर्वसाधारण असतो, म्हणून काही प्रसंगी तो चुकणारच. तिथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने काय म्हटलं असतं, ते ओळखून दुरुस्ती करावी. उदाहरण त्याने बांधकामातलं दिलं आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती ताठ राहत नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वळत असे.

इंजिनियर म्हणून मला हे उदाहरण आवडतं आणि थोडं भीतीदायकही वाटतं. जी पट्टी कशालाही वळते ती मोजणार काय? पण आमच्या कामात यावर बऱ्यापैकी उत्तर आहे. खोलीच्या रकान्यात १८.२ असा आकडा लिहिण्याऐवजी ‘जाडी अधिक ०.२’ असं सूत्र ठेवायचं. १८.२ हा निष्कर्ष होता, सूत्र हे त्यामागचं कारण आहे. आकडा फक्त पहिल्या शीटला ओळखतो. कारण मात्र पुढच्या शीटवर गेल्यावरही तिथली जाडी विचारतं.

कारण मागे ठेवून निष्कर्ष पुढे नेला की काय होतं, याचं आमच्या क्षेत्रातलं प्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चं. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं ते पहिलं उड्डाण होतं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला कोड एरियान ४ वरून घेतलेला होता, तिथे वर्षानुवर्षं नीट चाललेला. त्यात एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली जात होती. एरियान ४ च्या मार्गावर ती तिथे मावायची. एरियान ५ चा आडवा वेग जास्त होता, तिथे ती मावली नाही. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं. वाईट हे की ती आकडेमोड ज्या भागात चालू होती, त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. ती एरियान ४ ची सोय होती, तशीच पुढे आली होती. रॉकेटमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. ज्या शास्त्रज्ञांनी ते उभे केले, त्यांचा त्या १६ बिटांच्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. फरक त्यांच्या वाट्याला गेला.

मग सूत्र लिहिलं की सुटलो? नाही, कारण सूत्राला जाडी लागते आणि ती कुणीतरी व्हर्नियर लावून मोजावी लागते. इथे प्रश्न सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून माणसांकडे येतो.

संख्यांवर चालणारं मिलिंग मशीन एमआयटीमध्ये १९५२ साली दाखवलं गेलं. त्याच्या थोडं आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरी कल्पना आजमावली गेली होती. कसबी कामगाराने मशीन हाताने चालवायचं, त्याच्या हालचाली टेपवर उतरवायच्या आणि पुढच्या तुकड्यांसाठी ती टेप वाजवायची. तीही पुनर्वापराचीच कल्पना, पण तिच्यात निर्णय मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता. टिकली ती संख्यांची पद्धत, जिच्यात निर्णय इंजिनियरच्या टेबलावर गेला. कर्ट व्हॉनेगट त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. ‘प्लेयर पियानो’ ही त्याची कादंबरीही १९५२ चीच. तिच्यात एक म्हातारा कामगार आहे. त्याच्या हातांच्या हालचाली टेपवर उतरवून झाल्या आहेत आणि आता त्याची गरज उरलेली नाही. त्याला मात्र निवड झाल्याचा अजून अभिमान आहे.

आमच्या कारखान्यात तर टेपवर कुणाचा हातही नाही. निर्णय माझा, रविवारी लॅपटॉपवर घेतलेला. शीट समोर येते ती मंगळवारी, आणि तिच्यापाशी उभा असतो ऑपरेटर. प्लायच्या आत पोकळी असेल तर कटरचा आवाज बदलतो, तो त्यालाच ऐकू येतो. व्हॅक्यूम सुटून तुकडा हलायला लागला तर तेही त्यालाच दिसतं. एकाच कामाचे दोन तुकडे झाले आहेत, ठरवणं माझ्याकडे आणि बघणं त्याच्याकडे. फाइलवर नाव माझं असतं. काही बिघडलं की पहिला प्रश्न मात्र त्याला जातो, “तू काय बघत होतास?”

यावरून दादाशी माझा बराच वाद झाला. मी म्हटलं, ऑपरेटरला शंका आली तर कुणालाही न विचारता मशीन थांबवायची मुभा दे, आणि त्याबद्दल त्याला बोलायचं नाही. दादाने ऐकलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेटरने एकाच दिवसात दोनदा मशीन थांबवलं आणि दोन्ही वेळा काहीच बिघडलेलं नव्हतं. दादाचा फोन आला. “तुझं तत्त्वज्ञान ठीक आहे रे, पण मशीन थांबलं की हप्ता थांबत नाही.”

त्याचं चूक नाही. त्या दोन थांब्यांची किंमत त्याने भरली, मी नाही. पण मला वाटतं, ही किंमत टेम्प्लेटच्या किमतीतच धरायला हवी. चाळीस वेळा विचार न करण्यातून जो वेळ वाचला, त्यातलाच थोडा इथे खर्च होतो. वाचलेला सगळा वेळ नफा म्हणून खिशात घालायचा आणि फरक पडला तर तो ऑपरेटरच्या किंवा गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचा, हे मला पटत नाही. ज्याच्या वाट्याला आपण फरक ढकलतो, त्याला निदान तो येताना दिसायला हवा, आणि “थांबा” म्हणायची सोय हवी. गिऱ्हाईक कारखान्यात उभं नसतं. त्याच्या वतीने थांबवू शकेल असा तिथे एकच माणूस असतो, आणि तो महिन्याच्या पगारावर असतो.

पहिल्या शीटला मी देतो तेवढा विचार चाळिसाव्या शीटला देऊ शकत नाही, आणि द्यायची गरजही नाही. तिला एक प्रश्न मात्र द्यावा लागतो. हा निर्णय घेताना जे खरं धरलं होतं, ते इथेही खरं आहे का? तो प्रश्न विचारला जाण्यासाठी धरलेली गोष्ट कुठेतरी लिहिलेली असावी लागते. आम्ही आता प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर तीन ओळी जास्तीच्या छापतो: कोणती जाडी धरली आहे, शून्य कुठे आहे, आणि किती फरक आढळला तर मशीन सुरू करायचं नाही.

त्यातली तिसरी ओळ मी ०.३ मिमी अशी लिहिली होती. ऑपरेटरने ती पेनने खोडून ०.४ केली. ०.३ वर तर निम्मा गठ्ठा बाजूला पडेल, असं तो म्हणाला. दादाने मान डोलावली. टेम्प्लेटच्या पुढच्या आवृत्तीत ०.४ आहे. गठ्ठ्यातल्या शीटच्या कडांवर आता पेन्सिलीने लिहिलेले आकडे असतात, १७.५, १७.६, १७.४, मध्येच एखादा १८.३, आणि त्या १८.३ भोवती गोल.