मध्यस्थाने कोणाचे अन्न घ्यावे?

उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाई आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकतो. परंतु तिच्यातील एका लहानशा प्रसंगाकडे लक्ष सहसा जात नाही. हस्तिनापुरी आलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाघरचे भोजन नाकारले व तो विदुराकडे जेवला. दूताने कार्य सिद्धीस गेल्यावरच यजमानाचे अन्न घ्यावे, असे त्याचे सांगणे. वास्तविक श्रीकृष्ण तटस्थ नव्हता. त्याचा ओढा पांडवांकडे होता, हे सारी सभा जाणत होती. मग ही शिष्टाई खोटी म्हणावयाची काय?

हा प्रश्न केवळ पुराणातला नव्हे. यादवीने पोळलेल्या देशांत साहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था हल्ली संघर्षविषयक सल्लागार नेमतात. विहीर कोठे खणावी, धान्य कोणाच्या हातून वाटावे, त्यायोगे तंटा शमेल की भडकेल, हे आधी सांगणे हे त्याचे काम. १९९४ मध्ये रुवांडातून पळालेल्यांच्या गोमा येथील छावण्यांत धान्यवाटपावर हत्याकांड करणाऱ्यांच्याच टोळ्यांनी पकड बसविली. देणाऱ्यांचे मन शुद्ध होते. अन्न मात्र मारेकऱ्यांच्याही मुखी गेले. दान देताना देश, काल व पात्र पाहावे, असे गीता सांगते ते उगाच नव्हे.

तथापि सल्लागाराने निर्विकार असावे, एवढ्याने भागत नाही. हरि विनायक पाटसकर हे आपल्यापैकीच एक मराठी गृहस्थ. आंध्र व मद्रास यांच्या सीमातंट्यात ते मध्यस्थ होते. खेडे हा घटक, भाषिक बहुमत व भौगोलिक सलगता ही त्यांच्या निवाड्याची तत्त्वे होत. मोजपट्टी आधी ठरली, भूमी मागाहून मोजली गेली. १९५९ च्या कायद्याने तो निवाडा अमलात आला. १ एप्रिल १९६० पासून मुरुगनाचे तिरुत्तणी मद्रासकडे गेले, तिरुपती आंध्रात राहिले. दोन्हीकडे हळहळ राहिलीच असेल. पण सीमा ठरली.

आम्हां कंग्राळीकरांना याचे मोल निराळे सांगावयास नको. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६७ चा. मोजपट्टी कोणती, यावरच दोन्ही राज्यांचे एकमत नव्हते. अहवालाने बेळगाव म्हैसूरकडे ठेवले आणि महाराष्ट्राने तो नाकारला. महाजनांच्या सचोटीवर बोट ठेवणे मला योग्य वाटत नाही. उणीव होती ती आधीच्या संमतीची. महाराष्ट्र याच त्रिसूत्रीचा आग्रह धरीत आला व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला.

श्रीकृष्णाने पक्षपात लपविला नाही. मागणी मात्र पाच गावांपर्यंत खाली आणली आणि ती भर सभेत, दोन्ही कुळांच्या वडीलधाऱ्यांसमक्ष मांडली. आपल्याकडे बांधाचा तंटा पंचांपुढे येतो, तेव्हा पंच कोणाचा पाहुणा, याचीच चौकशी प्रथम होते. मोजणीची दोरी कोठून धरणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो.