गल्लीची कैफियत

भिवंडीच्या एखाद्या रॅपरविषयी लिहिण्याचा प्रसंग आला म्हणजे लिहिणारा हटकून असे म्हणतो की, यंत्रमागांच्या खडखडाटातच या मुलाला ताल सापडला. आणि हे विधान कितीही सद्भावनेने केलेले असले तरी मला ते दरवेळी खोटे वाटत आले आहे. माझ्या वडिलांचे अवघे आयुष्य जॉबर म्हणून माग दुरुस्त करण्यात गेले. एका छपराखाली चाळीस-पन्नास माग चालत असतात तेव्हा तेथे ताल नसतो, नुसता कल्लोळ असतो, कारण कोणत्याही दोन मागांचे धोटे एका क्षणी आदळत नाहीत. तेथे माणसे खुणांनी बोलतात, एकमेकांचे ओठ वाचतात, आणि पुष्कळ वर्षांनंतर घरी आल्यावरही ओठच वाचत राहतात. वडिलांना ऐकू येईनासे झाले तेव्हापासून आमच्या घरात कोणी तोंडातल्या तोंडात बोलत नाही. पहिले गाणे मी त्यांच्यासमोर बसून, एकेक अक्षर ओठांवर उमटेल अशा बेताने म्हटले आणि त्यांनी ते माझ्या तोंडाकडे पाहून ऐकले. उच्चाराची ही शिस्त एवढाच मागाकडून मला मिळालेला वारसा. ताल मी न्यूयॉर्कचा घेतला, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

11 ऑगस्ट 1973 रोजी ब्रॉन्क्समधील एका इमारतीत, बहिणीने भरवलेल्या समारंभात, मूळच्या जमैकाच्या डीजे कूल हर्कने तबकडीवरील केवळ ढोलाचा भाग पुन्हापुन्हा वाजवून लांबवला, तेथपासून रॅपच्या या कलेचा आरंभ मोजतात. ज्यांच्याजवळ वाद्ये नव्हती त्यांनी इतरांच्या तबकड्यांचेच वाद्य केले. परंतु शब्द मात्र उसने घ्यायचे नाहीत आणि आपण कोठून बोलतो ते लपवायचे नाही, हे दोन दंडक त्यांनी कसोशीने पाळले. महाराष्ट्राला हे दंडक परके वाटण्याचे कारण नव्हते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे 1944 चे लाल बावटा कलापथक गिरणगावात याच नियमांनी उभे राहिले होते. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांकडे वळले. काम आले, शाहीर मात्र त्याच्यामागून आले नाहीत.

ती उणीव काही अंशी भरून निघेल असे 2014-15 च्या सुमारास मला खरोखर वाटले होते. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ या गाण्याची चित्रफीत एका आयपॅडवर केली, पाठोपाठ डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आले, आणि भिवंडीच्या पोरांना कळून चुकले की यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. 2019 मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि गल्लीला बाजारभाव आला. भाव आला याचे मला दुःख नाही, गाणाऱ्याचेही पोट भरले पाहिजे. दुःख याचे की गल्ली हा ज्याचा पत्ता होता त्याच्यापुरता तो पत्ता राहिला आणि इतरांसाठी तो पोशाख झाला.

दुसरा बदल वरवर क्षुल्लक दिसतो, पण माझ्या मते तोच अधिक घातक आहे. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत चार-चार ठोक्यांच्या सोळा बारांचे कडवे म्हणण्यास सुमारे 43 सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ते मावत नाही. म्हणून आता पोरे आठच बार लिहितात. आठ बारांत बढाई बसते, शिवी बसते, परंतु कैफियत बसत नाही, कारण कैफियतीला आधी काय घडले हे सांगावे लागते. त्यातून मराठीचे क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे ‘गेला’, ‘मेला’, ‘झाला’ अशी यमके विनासायास हाती लागतात, आणि घाईत लिहिणारा त्यांवरच निभावून नेतो. वाक्य मोडून नाम शेवटी आणावे, यमक ओळीच्या पोटात दडवावे, याला वेळ आणि मेहनत लागते. आमच्या आगरी बोलीत हे प्रमाण मराठीहूनही अवघड जाते, तरीही अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर या रॅपरची वऱ्हाडी ऐकल्यापासून मी बोली सोडलेली नाही.

कैफियत हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण कैफियत देणारा आपल्या मजकुराला बांधील असतो. 2023 मध्ये राज मुंगासे या तरुणावर एका राजकीय रॅपबद्दल आमच्याच जिल्ह्यात, अंबरनाथला, गुन्हा दाखल झाला. सरकारदरबारी या गाण्यांना किती वजन आहे ते त्यावरून दिसले. पण सरकारपेक्षा मोठी जबाबदारी मी ज्याच्याविषयी गातो त्याच्यापाशी असते. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या चमूने ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये आरेच्या जंगलाचे गाऱ्हाणे मांडताना आरेतलेच आदिवासी प्रकाश भोईर यांना गायला बरोबर घेतले, हे मला त्या गाण्याच्या लोकप्रियतेहून अधिक मोलाचे वाटते.

मागील वर्षी एका बिशीत, म्हणजे खाणावळीत, मागावरचे कामगार जेवायला बसले असता, मी त्यांच्याविषयीचे नवे गाणे म्हणून दाखवले. त्यात अंधाऱ्या खोल्या होत्या, खोकला होता, मालकाचा हिशेब होता, आणि सगळे खरे होते. एका वयस्क कामगाराने ताटावरून मान वर करून विचारले, “हम तुम्हारे गाने में सिर्फ मरते हैं क्या, बेटा? खाते-हँसते भी तो हैं।” मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी दुसरे कडवे खोडले. आता त्यात बिशीच्या डाळीचा वास आहे, गावाकडून आलेल्या फोनवर मोठमोठ्याने बोलणारा एक तरुण आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही. झाले की प्रथम त्याच बिशीत म्हणणार आहे.