आली मोठी तेजस्विनी

१९९४ साली ‘तेजस्विनी’ पाहिला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपले चंद्रशेखर नार्वेकर. ‘अंकुश’ आणि ‘तेजाब’मुळे लालबागच्या आम्हा पोरांना ते घरचेच वाटायचे. नायिका विजयशांतीचं नाव मात्र आमच्यातल्या कुणी धड ऐकलं नव्हतं. मूळ तेलुगू ‘कर्तव्यम’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि ती भूमिका किरण बेदींवरून सुचली होती, हे फार उशिरा कळलं. खाकीतली एक बाई कुणाची भीड न ठेवता बड्या धेंडांना लोळवते, एवढंच आम्हाला पुरेसं होतं. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी सुटली ती कायमची. कुणावर तरी काढायचा राग घरात शिल्लक होताच. घसा बसेपर्यंत शिट्ट्या मारल्या.

तिकिटं ब्लॅकने घेतली होती. त्यात कुणालाही काही खटकलं नाही.

आता २०१९ची गोष्ट. मुलाचा पासपोर्ट काढायचा होता. आम्ही परळला भाड्याने राहायला येऊन वर्ष झालं होतं, पण अर्जात लालबागच्या चाळीचा पत्ता टाकला. कागद तिथलेच होते ना! पडताळणीच्या दिवशी मुलाला घेऊन मी लवकर गेलो, बंद खोलीचं कुलूप काढलं, झाडू मारला, खुर्च्या मांडल्या. कॉन्स्टेबलबाई आल्या. वय तिशीचं असेल. तीन मजले चढून दमल्या होत्या. म्हणाल्या, “काका, थोडं पाणी मिळेल?”

घरात पाणी नव्हतं. भांडंही नव्हतं. मी शेजारून तांब्या आणेपर्यंत त्यांनी मोरीकडे आणि रिकाम्या ओट्याकडे पाहून घेतलं होतं. “इथे कुणी राहत नाही. खरा पत्ता टाकून अर्ज पुन्हा भरा,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. मी खिशातलं पाकीट पुढे केलं. पाचशे रुपये होते, घरूनच घालून आणलेले. “मॅडम, चहापाण्याला.” त्यांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं. “हे आत ठेवा काका. मुलगा समोर बसलाय.”

त्या क्षणी मला शरम वाटली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, पाचशे कमी पडले. त्या गेल्यावर एका ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन लावला, “जरा बोलून घे.” तेही जमलं नाही. मग जेवताना बायकोला म्हणालो, “आली मोठी तेजस्विनी!” शिट्ट्या मारून डोक्यावर घेतलेलं नाव मी शिवीसारखं वापरलं. मुलगा मान खाली घालून जेवत होता.

‘द्यावंच लागतं’ हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. त्या दिवशी कुणी मागितलं नव्हतं. लाचविरोधी कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याला सात दिवसांत तक्रार करून सुटता येतं. मी कुणाची तक्रार करणार होतो? सिनेमात पैसे खाणाऱ्याला चेहरा असतो, दाढी असते, गाडी असते. देणारा कुठे दिसतो? तो बाल्कनीत बसून टाळ्या वाजवत असतो. २०१४ला ‘मर्दानी’तल्या पोलीस अधिकारी शिवानी शिवाजी रॉयलाही मी वाजवल्याच की.

अर्ज परळच्या पत्त्यावर पुन्हा भरला. पासपोर्ट आला, एक पैसा न देता.

त्या बाईंच्या गणवेशावर नावाची पट्टी होती. पाकीट पुढे करताना मी ती वाचलीसुद्धा नव्हती.