कुलूप कोणाचे आणि मेर कोणाची?



आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला दुसऱ्याने घातलेले कुलूप आपण उघडावे काय? प्रश्न लहान दिसतो, पण शब्बाथशाळेच्या वर्गात एखाद्या मुलाने तो विचारला, तर शिक्षकाला उत्तर देणे सोपे जाणार नाही.

गोव्यातील इतर तालुक्यांप्रमाणे पेडणे आणि डिचोली येथूनही माणसे नोकरीसाठी आखातात किंवा जहाजावर जातात. समजा, डिचोलीच्या अशाच एका मुलाने दुबईच्या दुकानात पुरते पैसे मोजून बायबलकथांची एक डीव्हीडी घेतली आणि सुट्टीवर येताना शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या बहिणीसाठी आणली. घरातला प्लेअरही विकतचाच. तबकडी आत सरकवली, तर पडद्यावर सूचना येते की ही तबकडी या विभागात चालणार नाही. शेजारचा दुरुस्ती करणारा सांगतो, "त्यात काय एवढे? रिमोटची चार बटणे ठरलेल्या क्रमाने दाबली की प्लेअर साऱ्या जगाच्या तबकड्या वाजवील." बहीण थबकते आणि विचारते, "दादा, ही चोरी तर नव्हे ना?"

तिचे थबकणे योग्य आहे. ज्याला हा प्रश्न पडतच नाही, त्यापेक्षा ज्याला पडतो त्याचा विवेक जागा आहे. पण विवेकालाही माहितीची जोड लागते. म्हणून हे कुलूप काय आहे ते आधी पाहू.

डीव्हीडी 1996 साली जपानात आणि 1997 साली अमेरिकेत विक्रीस आली. त्याच वेळी चित्रपट कंपन्यांच्या आग्रहाने जगाचे विभाग पाडण्यात आले. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात; युरोप, जपान आणि आखाती देश दुसऱ्यात; ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका चौथ्यात; भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग पाचव्यात; चीन सहाव्यात. विमाने व जहाजे यांच्यासाठी तर आठवा विभाग निराळा ठेवला. तबकडीवर एक क्रमांक, प्लेअरमध्ये एक क्रमांक. दोन्ही जुळले तरच चित्र दिसावयाचे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तबकडीची नक्कल होऊ नये म्हणून सांकेतिक लिपीचे कुलूप वेगळे असते. विभागाचा क्रमांक नक्कल अडवीत नाही. कोणत्या देशातल्या गिऱ्हाइकाने कोठली तबकडी पाहावी, एवढेच तो ठरवितो.

हा क्रमांक थोरामोठ्यांनाही आडवा आला. 2009 साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना 25 अमेरिकन चित्रपटांच्या डीव्हीडी भेट दिल्या. त्या पहिल्या विभागातल्या असल्याने ब्रिटनमधील प्लेअरवर चालेनात, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. देणाऱ्याने चोरी केली नव्हती आणि घेणाऱ्यानेही नाही. तरी भेट निरुपयोगी ठरली.

मग कंपन्यांच्या बाजूने काहीच म्हणता येणार नाही काय? म्हणता येईल, आणि न्यायाने पाहणाऱ्याने ते ऐकून घ्यावे. त्या काळी चित्रपट अमेरिकेत आधी लागत असे आणि इतर देशांत पुष्कळदा काही महिन्यांनी. तिकडची तबकडी आधीच इकडे आली, तर येथील चित्रपटगृह चालविणाऱ्याचे नुकसान होई. दुसरे असे की, गरीब देशात तीच वस्तू कमी भावाने विकता यावी, यासाठीही भिंत उपयोगी पडते. भिंत नसती तर सर्वत्र एकच भाव, आणि तो बहुधा श्रीमंतांचा, लागला असता. हा मुद्दा खोटा नाही. पण ही सोय व्यापाऱ्याने आपल्या व्यापारासाठी केलेली आहे. ती मोडली म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलली, असे होत नाही. आपल्या उदाहरणातील भावाने मागितलेली किंमत दिली आहे. चित्रपट करणाऱ्याचा वाटा त्याला मिळाला आहे.

सीमा आणि सीमा यांत फरक असतो, हे पेडणे-डिचोलीच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मुलूख पोर्तुगीजांकडे गेले आणि एकाच भाषेच्या, एकाच नात्यागोत्याच्या माणसांमधून परक्या राज्याची रेघ गेली. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला ती रेघ ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालविण्यात आल्या. त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नाही. आज त्याच पत्रादेवीला किंवा दोडामार्गाला गोव्यातली स्वस्त दारू परवान्याशिवाय लपवून महाराष्ट्रात नेणारा मात्र गुन्हाच करतो. कारण लोकांनी निवडलेल्या सरकारचा कायदा तो मोडतो आणि सार्वजनिक तिजोरीचा कर बुडवितो. जागा एकच, रेघ एकच. पण ओलांडण्याचा अर्थ दर वेळी निराळा. म्हणून "रेघ ओलांडली का?" एवढे विचारून भागत नाही. "ओलांडताना कोणाचे काय घेतले?" हे विचारावे लागते. शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवू नये, असा नियम जुन्या करारात आहे. त्यामागचे कारण हेच की मेरेपलीकडे शेजाऱ्याचे वतन असते. दगडाला मान आहे तो त्या वतनामुळे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने पाहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65 अ हे कलम घालण्यात आले. संरक्षणासाठी घातलेले तांत्रिक कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. येथे 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास ते कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व कारण यांची नोंद ठेवावी, असे सांगते. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी परदेशातून एक प्रत आणण्यासही हा कायदा मुभा देतो. न्यूझीलंडच्या कायद्याने तर 2008 साली, केवळ बाजारपेठ विभागणारे कुलूप संरक्षणास पात्र नाही, असे स्पष्टच लिहिले.

तेव्हा बहिणीला भावाने निःशंकपणे सांगावे, "ताई, ही चोरी नव्हे."

पण वाचकहो, येथे थांबलो तर अर्धेच उत्तर होईल. उघडलेला प्लेअर दुबईची खरी तबकडी वाजवितो, तशीच बाजारातली चोरटी नक्कलही वाजवितो. यंत्राला खरे-खोटे कळत नाही. ते आपल्याला कळावे लागते. पूर्वी 'बाहेरची तबकडी चालत नाही' ही सबब होती. आता निवड सर्वस्वी आपल्या हाती आली. कुलूप गेले म्हणजे जबाबदारीही गेली असे नाही. उलट ती वाढली.

आणखी एक गोष्ट शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. तीच तबकडी उद्या सभागृहात शंभर मुलांना दाखवावी, असे बहिणीच्या मनात येईल. हेतू चांगलाच आहे. पण घरगुती तबकडीच्या वेष्टनावर बहुधा लिहिलेले असते की ती घरी पाहण्यासाठी विकली आहे, जाहीर खेळासाठी नाही. रिमोटची बटणे दाबताना जिचा हात थरथरला, ती येथे जराही न थबकता पुढे जाईल. आणि खरे पाहता दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न येथेच आहे. अशा वेळी काढणाऱ्या संस्थेला पत्र लिहून परवानगी मागावी. धार्मिक चित्रपट काढणाऱ्या संस्था पुष्कळदा ती आनंदाने देतात. काम चांगले आहे म्हणून मागण्याचे कष्ट टाळता येत नाहीत.

डीव्हीडीचे दिवस आता सरत आले आहेत. चित्रपट इंटरनेटवर पाहिले जातात आणि तेथेही देशोदेशींच्या भिंती आहेत. मात्र तेथे आपण वस्तू विकत घेत नाही. काही अटी मान्य करून ती पाहण्याची परवानगी घेतो. तेथे दिलेल्या शब्दाचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर या उत्तरावरून परस्पर काढू नये.

या महिन्यात शिक्षकांनी आपल्या वर्गापुढे दोन तबकड्या ठेवाव्या : एक परदेशात पैसे देऊन घेतलेली, पण येथे न चालणारी, दुसरी बाजारात मिळालेली, लगेच चालणारी, पण चोरटी. कोणती लावण्यास आपले मन निर्मळ राहील, हे मुलांनाच विचारावे. बहुतेक मुले बरोबर उत्तर देतील. मग घरी जाऊन आपल्या कपाटातल्या तबकड्या पाहण्यास त्यांना सांगावे, आणि आपण मोठ्यांनीही पाहाव्या.